कूस बदलताना
त्र्याहत्तर सालची दुपार. पंचवटीच्या बाजारात झेंडूच्या दोन पाट्या विकून आलेल्या माझ्या धडधाकट सासूबाई काथ्याच्या बाजेवर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "मला लकवा झालाय असं समज. माझी कूस बदल." मी हसले. "हसू नको. आज ना उद्या मी बी पडणार. बोलता येतंय तवर शिकवते. वाचा गेली तर कोण सांगंल?" मी पाठीखाली दोन्ही हात घालून त्यांना वळवलं. त्या कळवळल्या. "बांगड्या लागत्यात. काढ त्या." मी हात मागं घेतले. ओट्यावर फुलं निवडणारे आमचे मालक ताडकन उठले. "आई! मी जित्ता हाय ना अजून?" एक बांगडी पिचली तरी दुसरी भरल्याशिवाय मला चुलीपुढं बसू न देणारी ही बाई, नवऱ्यादेखत माझे हात उघडे करायला निघाली होती. सासूबाई उठून बसल्या. लेकाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "माझी सासू तीन वर्षं अशीच पडून व्हती. वाचा गेलेली. मी कूस बदलली की रडायची. पाठीवर ओरखडे दिसायचे. मला वाटायचं, काथ्या टोचतोय. मी बाज बदलली, खाली दोन गोधड्या घातल्या. ओरखडे काय जाईनात." आपल्या उघड्या मनगटावरून त्यांनी हात फिरवला. "मग तुझा सासरा गेला. माझ्या बांगड्या फोडल्या. अन् पंधरा दिवसांत म्हातारीची पाठ बरी झाली."