शेवटची अंघोळ

"एस्तेरचा गळा देवानं सवडीनं घडवलाय बघा," ओसरीवरच्या बायका डोळे पुसत म्हणाल्या.

आत आईच्या देहाला शेवटची अंघोळ घालणाऱ्या विमलनं ओठ आवळले. धाकटीच्या गळ्याचं कौतुक आईनंही जन्मभर केलं. मला घडवताना देव घाईत होता वाटतं!

अंगणातलं गीत संपवून एस्तेर आत आली. ताईचा हात आईच्या मानेखाली अलगद जाताना बघत राहिली.

"आजारपणात मला हात लावू द्यायची नाही गं आई. म्हणायची, विमलचे हात देवानं माझ्यासाठीच घडवलेत. तुझा फार हेवा वाटायचा, ताई."

हे आई विमलला कधीच बोलली नव्हती. आता या कामात वाटेकरी नकोच, असं तिला क्षणभर वाटलं. मग तिनं ओलं फडकं धाकटीपुढे धरलं.

"ये. पाय तू धू."