नखाएवढा स्वार

"लांबचं लहान काढायचं," असं चित्रकलेच्या नुरझातबाई पुन्हापुन्हा सांगत होत्या, पण आयझिरेक ऐकत नव्हती. तिच्या चित्रातला डोंगरावरचा घोडेस्वार दारातल्या गाईपेक्षा मोठा होता. "ते माझे बाबा आहेत. चार महिने झाले, मेंढ्या घेऊन सोनकुलच्या कुरणात गेलेत. त्यांना मी मुंगीएवढं नाही काढणार." शेवटी बाईंनी वर्ग शाळेमागच्या टेकाडावर नेला आणि हात ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्यानं माप घ्यायला शिकवलं. आयझिरेकनं समोरच्या उतारावरचा स्वार निवडला, नखाएवढा भरला. थोड्या वेळानं ती वैतागली. "बाई, माप चुकतंय. आता बोटाएवढा दिसतोय." "हात हलला असेल." "नाही हलला." मग तिनं घोड्याची चाल ओळखली आणि वही टाकून धावत सुटली. "किती झालं माप?" बाईंनी मागून हसत विचारलं. "आता पेन्सिलीत मावत नाहीत बाबा."