दीड लाखाचं घर

छप्पर गळत होतं म्हणून ओडेसा प्रुइट घरावर कर्ज मागायला गेली. एकतीस वर्षं शहराची बस चालवून तिनं ते घर घेतलं होतं. बँकेचा माणूस म्हणाला, "काकू, काळ्यांच्या वस्तीतलं घर. सत्तर हजार डॉलरच्या वर कोण देणार?"

पुढच्याच महिन्यात सरकारी कर कार्यालयाकडून घरपट्टीची नोटीस आली. त्यात त्याच घराची किंमत दीड लाख लावली होती. कर भरला नाही तर लिलाव.

ओडेसानं हरकत नोंदवली आणि चांगले कपडे घालून कर कार्यालयात सुनावणीला गेली.

"आमची किंमत बरोबर आहे, मॅडम," अधिकारी मान वर न करता म्हणाला.

"नक्की?"

"शंभर टक्के."

"मग बरंच झालं." तिनं पर्समधून खरेदीखत काढून त्याच्यापुढे सरकवलं. "दीड लाखाला तुम्हीच घ्या. माझी सही झालीय, तुमची तेवढी राहिलीय."

अधिकारी हसला. "सरकार अशी घरं विकत घेत नसतं. चला, पुढे कोण आहे?"


पुढे ओडेसाची अख्खी गल्ली उभी होती, आणि प्रत्येकाच्या हातात सही केलेलं खरेदीखत होतं.