दार बंद असतानाचे आकडे

"काका, हे आकडे तुम्ही पेटी उघडून घेतलेले नाहीत," पाहुणी म्हणाली आणि चहाचा कप बाजूला सरकवून तिने छापील कागद टेबलावर पसरले.

कागदांवर एकतीस वर्षांचं तापमान होतं. सकाळी साडेआठला एकदा, संध्याकाळी साडेपाचला एकदा. आवारातल्या चार पायांच्या पांढऱ्या पेटीचं दार उघडायचं, आतले तापमापक वाचायचे, लिहायचं, दार लावायचं. त्यातला एक तापाच्या थर्मामीटरसारखा. चढला की झटकल्याशिवाय उतरत नसे. एवढ्या कामावर पारेकाकांनी निम्मं आयुष्य काढलं होतं. नाव पाऱ्यावरून पडलेलं. खरं आडनाव पोस्टमनलाही आठवत नसे. भिंतीवर हवामान खात्याचं प्रशस्तिपत्र होतं, एकही नोंद न चुकवल्याबद्दल. काकूंनी ते लग्नाच्या फोटोच्याही वर टांगलं होतं. खाली असतं तर हे दिवसभर त्याच्यासमोरच उभे राहिले असते, असं त्यांचं म्हणणं.

"कशावरून म्हणता, मॅडम?" काकांनी विचारलं.

"खऱ्या आकड्यांना शिस्त नसते. एकतीस दशांश तीन, एकोणतीस दशांश आठ. पण जवळजवळ दर उन्हाळ्यात पंचवीसेक दिवस तुमचे आकडे शून्यावर संपतात, नाहीतर पाचावर."

थाप मारणाऱ्याला दशांशाचा कंटाळा असतो. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तापमान वाढतंय तशी पाखरं अंडी कधी घालतात, हे माझं पाच वर्षांचं काम आहे," ती म्हणाली. "या खोऱ्यात पेटी एकच, तुमची. ती खोडली तर माझ्या नकाशातून खोरंच जातं. नाही खोडली, तर मी खोटारडी." तिने लाल पेन्सिल काढली.

"यांनी अंदाजाने लिहिलं?" काकू दारात येऊन उभ्या होत्या. "चौतीस वर्षं झाली लग्नाला. माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का नाही, ते कधी सांगता आलं नाही."

"तू जरा थांब गं." काकांनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "पेटीत पाखरू बसायचं. मुठीत मावेल एवढं, तपकिरी. तापमापकांच्या मागे घरटं. पहिल्या वर्षी मी इमानदारीत दोन्ही वेळा दार उघडलं. चौथ्या दिवशी ते गेलं ते गेलंच. पाच अंडी, पाचही गार. पुढच्या वर्षापासून ठरवलं, पहिलं अंडं दिसलं की पिल्लं उडेपर्यंत दार बंद. व्हरांड्यात उभं राहायचं, हात बाहेर काढायचा, वाटेल तो आकडा लिहायचा." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "खोडा खुशाल. ते प्रशस्तिपत्रही उतरवतो."

पेन्सिल टेकली नाही. पाहुणीने कागद स्वतःकडे ओढले आणि पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतले. आता ती तापमान बघत नव्हती. थाप कुठल्या तारखेला सुरू होते, तेवढंच बघत होती आणि समासात लिहीत होती. वीस एप्रिल. एकवीस. अठरा. बारा. पाखराच्या अंड्यांच्या तारखा या खोऱ्यात कोणीच ठेवल्या नव्हत्या. एक वही बिघडवताना या माणसाने दुसरी बिनचूक लिहिली होती.

"काका, एकोणतीस मार्च!" तिचा आवाज चढला. "वीस एप्रिलवरून एकोणतीस मार्च! बावीस दिवस अलीकडे आलं तुमचं पाखरू!"

"मी नव्हतं बोलावलं लवकर," काका म्हणाले.

ती हसली, पान उलटलं आणि थबकली. पुढची दोन वर्षं आकडे वेडेवाकडेच होते. तेहेतीस दशांश सात. छत्तीस दशांश दोन. थापेचा एकही दिवस नाही.

"गेली दोन वर्षं तुम्ही सगळं खरं लिहिलंत?"

"खोटं लिहायची वेळच आली नाही."

काकूंनी कप उचलले आणि त्या आत गेल्या. तिच्या कपात अजून चहा होता.

"त्याआधीच्या वर्षी चार पिल्लं होती," काका म्हणाले. "पेटीतून आवाज यायचा. मग गरम हवा सुटली. मी साडेछत्तीस लिहिलं. दुसऱ्या दिवशी सदतीस. फारच वाटलं तेव्हा साडेसदतीस. मग आवाज थांबला. म्हटलं, उडाली. दार उघडलं." त्यांनी समोरच्या कागदाची कडा बोटाने सरळ केली. "चौघंही तिथेच होती. तापमापक इतके दिवस झटकलेला नव्हता. त्रेचाळीस दशांश दोनला अडकून बसला होता."

पाहुणीने त्या वर्षाच्या रकान्यावरून बोट फिरवलं. वरून खाली, मग खालून वर.

"त्रेचाळीस दशांश दोन इथे नाही."

"कुठल्या तारखेपुढे लिहू? वीस दिवस दार बंद होतं. त्यातला कुठला दिवस, ते पारा सांगत नाही."

लाल पेन्सिल तिच्या हातातच राहिली.

साडेपाचला काका उठले, चपला घातल्या, वही काखेत मारली. पाहुणी मागोमाग गेली. एप्रिलची नऊ तारीख होती. पेटीपाशी पोचल्यावर काकांनी फळ्यांना कान लावला, नखाने हळूच दोनदा वाजवलं आणि कोणाच्या खोलीबाहेर थांबावं तसे थांबले.

मग दार सताड उघडलं.

"चाळीस दशांश सहा," ते म्हणाले. "हा खरा आहे, पोरी. लिहून घे."