एकवीस जणांचं गणित

"आपल्याच माणसांना गोळ्या कशाबशा पुरतात, आणि तू परक्यांना वाटायला सांगतेस?" हैबतरावांनी कागद परत सरकवला. रोह्यातल्या त्या धर्मादाय दवाखान्याचे ते अध्यक्ष. त्यांच्या सहीशिवाय कपाटातली एक गोळी हलत नसे.

रोहिणी तिथे आकडेवारीचं काम बघायची. पेणजवळच्या हमरापूरच्या गणपती कारखान्यांत नेपाळहून आलेल्या मजुरांची तपासणी झाली, तेव्हा एकवीस जणांना एचआयव्ही निघाला. कुणाकडेच धड कागदपत्रं नव्हती, म्हणून कुणालाच औषध नव्हतं. त्यांच्यातली धनमाया सहा महिन्यांची गरोदर होती. औषध वेळेत सुरू झालं, तर बाळ या आजारापासून वाचू शकलं असतं.

पण नुसत्या दयेपोटी हैबतराव सही करणार नाहीत, हे रोहिणीला ठाऊक होतं. म्हणून तिने गणित मांडलं होतं.

"काका, त्यांना औषध नाय दिलं, तर दहा वर्षांत पेण-रोह्यात साठ नवी माणसं आजारी पडतील. दिलं, तर नऊ. आणि ती साठ परकी नाय, आपलीच."

हैबतरावांनी चष्मा काढला. "कागदावर कुणी काहीही मांडतं."

"घरबसल्या नाय मांडलं. एकेका खोलीत जाऊन विचारलंय. कोण कधी आलं, कुणाबरोबर राहतं, सगळं."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवून एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. मग त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रोहिणी गोळ्यांचा खोका मांडीवर घेऊन पेणच्या एसटीत बसली. आधी धनमायाला गाठायचं, मग बाकीच्यांना.

कारखान्यामागच्या खोल्यांची दारं सताड उघडी होती. दोरीवरचे कपडे धुळीने माखले होते. मालकीण शकू एकटीच मूर्तींना रंग देत बसली होती.

"शकूमावशी, धनमाया कुठाय?"

"गेली गो. समदीच गेली. आठ दिस झाले. अंगावरच्या कपड्यांनिशी गेली."

"पण का?"

"कुणीतरी बोललं, यादी सरकारात जानार, मग धरून नेतील." शकूने कुंचला खाली ठेवला. "तू वहीत समद्यांची नावं लिवून नेलीस ना?"

नेली होती. नुसते आकडे लिहिले की माणसं विसरायला होतात, म्हणून तिने एकेकाला नाव-गाव विचारून जपून लिहून घेतलं होतं.

गणिताला नावं लागतच नव्हती.