मोठं मन

ग्वेनने विनोद अर्धा सांगितला आणि उरलेला लोकांनीच पुरा केला.

“नवरा शेवटच्या घटका मोजत होता,” एवढंच ती म्हणाली होती. “मी कान त्याच्या तोंडाशी नेला. म्हटलं, आता तरी प्रेमाचं काहीतरी बोलेल. तर म्हणतो कसा...”

“पार्किंग संपतंय, पळ!” पबच्या माडीवरची अख्खी खोली एका सुरात ओरडली.

हे विनोदवीर टोबीचे शब्द होते. तिचा नवरा नॉर्मन खरं तर म्हणाला होता, “तुझं पार्किंग संपत आलं असेल गं, जा तू.” ती खाली गेली, हॉस्पिटलच्या पार्किंगच्या यंत्रात नाणी टाकून वर आली, तर तो गेलेला. तेव्हापासून ती इंग्लंडमधल्या हल शहरातल्या याच पबमध्ये ते सांगून लोकांना हसवत आली होती. तेवढ्यापुरता का होईना, नॉर्मन तिला परत भेटायचा. आणि गेल्या महिन्यात, याच पबात सुरुवात केलेल्या टोबी रॅस्ट्रिकने टीव्हीवर तेच वाक्य, चार शब्द फिरवून, स्वतःच्या बापाच्या तोंडी घातलं. वकील म्हणाला, विनोदाच्या कल्पनेवर कायद्याने हक्क सांगता येत नाही, विसरा.

“चोरटी!” मागून कोणीतरी ओरडलं. “टोबीचा आहे तो!”

“म्हातारे, स्वतःचं सांग की काहीतरी!”

टोबी पहिल्याच टेबलाशी बसला होता. आपल्या जुन्या पबात सहज आला होता म्हणे. तो उठला, मंचावर चढला, ग्वेनच्या खांद्यावर हात टाकून त्याने तिच्या हातातला माईक घेतला.

“ए, गप्प बसा रे! म्हातारीला काय छळताय? विनोद कुणाच्या बापाचा नसतो. आता हा माझ्या बापाचा आहे, ते सोडा!” लोक खिदळले. “मी कुलूप लावून बसलो, तर तुम्ही बिअर पिताना एकमेकांना सांगणार काय? पसरला म्हणून तर जगला. सांगू द्या तिला. माझी परवानगी आहे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. “काय मोठं मन आहे पोराचं!” पुढची एक बाई म्हणाली.

“वाचवलं की नाही तुला?” माईक परत देताना टोबी तिच्या कानाशी पुटपुटला. त्याला ते मनापासून वाटत होतं, हेच जास्त संतापजनक.

ग्वेनला काही विनोदी सुचेना.

“माझा नवरा बोलला होता हे,” ती म्हणाली. “नॉर्मन. मी होते तिथे. माझा हात धरून बोलला होता तो.”

मागून पुन्हा तोच आवाज आला.

“अरे, हिने तर टोबीच्या बापाशीच लग्न लावलं!”

मग जे हसू फुटलं, तसं तिच्या वाट्याला उभ्या जन्मात आलं नव्हतं. “खरंच सांगते हो,” ती म्हणाली, तिचा आवाज चिरकला आणि लोक टेबलं बडवायला लागले. टोबी तर डोळे पुसत होता.

काउंटरमागून पबची मालकीण बेव्ह हसून लालबुंद होत ओरडली, “ग्वेन, दर गुरुवारी हेच कर! आणि तो आवाज चिरकतो ना, तो तसाच ठेव!”