हालचाल नेहमीप्रमाणे

आईला फोन करायचा म्हटलं की लेकाला शंभर कामं आठवायची. त्यावर त्याने तोडगा काढला. तिच्या खोलीत हालचाल टिपणारी एक डबी बसवली. "दिवसभर तू हलली नाहीस, तर ही मला कळवेल. मग मी लगेच फोन करीन."

"बघूच ही काय दिवे लावते!" म्हणत एके सकाळी तिने केस विंचरले, मोबाइल मांडीवर घेतला आणि खुर्चीत पुतळ्यासारखी बसून राहिली. पाणी प्यायलाही उठली नाही.

संध्याकाळी शेवटी तिनेच फोन लावला.

"अगं, माझ्या मोबाइलवर तर 'हालचाल नेहमीप्रमाणे' अशी नोंद आहे!"

समोर पंख्याच्या वाऱ्याने पडदा हलत होता.



"मग निश्चिंत राहा, बाळा. पंखा चालू आहे तोवर तुझी आई काही मरत नाही."